दाजींची न फुटणारी संख्या

आमच्या दाजींइतका संतापी माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि त्या संतापाच्या मुळाशी एक संख्या होती असं सांगितलं तर तुम्ही मलाच वेड्यात काढाल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, चिंचवडच्या शाळेत गणिताचे मास्तर. ती संख्या अशी: दोन हा आकडा एकशे सत्तावीस वेळा मांडून सगळे एकमेकांना गुणायचे आणि शेवटी एक वजा करायचा. जी एकोणचाळीस आकडी संख्या उरते तिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंही भाग जात नाही. त्या काळी जगाला ठाऊक असलेली सगळ्यांत मोठी मूळ संख्या! ती ते अंघोळ करताना खड्या आवाजात म्हणत. मध्येच कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून, आणि हाक मारणाऱ्याचा, म्हणजे बहुतेक वेळा लेकीचा, सुमनचा, उद्धार वेगळा.

गावानं कानाडोळा केला असता, पण मी काय करणार? भाचीचं लग्न मामाच्या गळ्यात. सुमनचं वय वाढत चाललेलं, शेजारणी कुजबुजायला लागलेल्या, ताईच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. कारखान्यातली शिफ्ट सुटली की मी सायकल हाणत रहाटणीपासून दिघीपर्यंत स्थळं धुंडाळायचो. आणि हे महाशय! मुलगी पाहायला आलेल्या मुलालाच विचारायचे, या संख्येला कशानं भाग जाईल? कारखान्यात आमच्याच खात्यात लेथ चालवणारा एक टर्नर म्हणाला, शेवटी सात आहे म्हणजे सातानं जाईल. त्याच्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली हो, देवाशपथ! दुसरा म्हणाला, एवढी मोठी आहे, कशानं तरी जाईलच.

"मोठं म्हणजे फुटकं असं ज्याला वाटतं, त्याच्या घरी माझी मुलगी जाणार नाही," दाजी गरजले.

त्या दिवशी माझंही डोकं फिरलं. या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही, असं सुनावून मी निघालो. सुमन कोपऱ्यापर्यंत मागे आली. "मामा, तुम्ही तरी नका ना सोडू," एवढंच म्हणाली. झालं, पुन्हा सायकल काढली.

तिसरा मुलगा परभणीकडचा, तोही शाळामास्तर. भाग जात नाही, असं त्यानं चटकन सांगितलं. दाजी खुलले. पण गडी तेवढ्यावर गप्प बसेल तर ना!

"पण ती आता सगळ्यांत मोठी राहिली नाही की हो. अमेरिकेत यंत्रानं तिच्याहून मोठी काढली म्हणे, पेपरात आलं होतं."

ताईनं डोळे मिटून घेतले. मी मनातल्या मनात मुलाला लाखोली वाहिली. एवढं जमत आलेलं, आणि याला आत्ताच खरं बोलायचं होतं! दाजींचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्यांनी विचारलं, "आणि आमची? तिला भाग गेला का?"

"नाही. तिला कधीच जायचा नाही."

"मग तारीख काढा," दाजी म्हणाले. "तोंडावर खरं सांगतो. सुमनला सांभाळेल."

लग्न पार पडलं. सुमनला आणि जावयाला चिंचवड स्टेशनवर गाडीत बसवलं. गाडी दिसेनाशी झाली तरी दाजी हलेनात. इतक्या वर्षांचं साठलेलं एकदाचं त्यांना ऐकवायला मी या लग्नाचीच वाट पाहत होतो. तोंड उघडणार, तोच ते हळू आवाजात म्हणाले, "आता घरी जाऊन कुणावर ओरडू रे?"

"माझ्यावर ओरडा, दाजी," मी म्हटलं.

ते ओरडले नाहीत.