मालोजीरावांचं पोवळं

इंदुरात बडा गणपतीच्या आमच्या गल्लीत स्वतःचा समुद्र बाळगणारा एकच माणूस होता: मालोजीराव जगदाळे. आजोबा होळकरांच्या रिसाल्यात जमादार. नातू शाळेत रसायनशास्त्राचा मास्तर. आजोबांची तलवार भिंतीवर टांगलेली असे. मालोजीरावांनी ती एकदाच खाली काढली, तीही छताची जळमटं काढायला.

समुद्राचं खूळ बायकोपायी लागलं. सुमनवहिनी मूळच्या मालवणच्या. लग्न होऊन इंदूरला आल्या, तर चारी बाजूंना काळी माती. दरवर्षी "पुढल्या मे महिन्यात जाऊ" म्हणता म्हणता त्यांना खोकल्यानं धरलं, मग खोकल्यात रक्त दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही फुप्फुसं गेली आहेत, आता प्रवासाचं नाव काढू नका.

तेव्हा मालोजीराव एका रविवारी धारकडच्या बाग गावी गेले आणि पिशवीभर दगड घेऊन आले. कोट्यवधी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता, त्यातले शिंपले आणि पोवळी तिथे दगड होऊन पडली आहेत.

"घे, तुझा समुद्र."

वहिनींनी एक दगड उलटसुलट करून पाहिला. "बराच आटलेला दिसतोय. अहो, पण याचं पाणी कसं होतं? गार की कोमट?"

दुसरा नवरा हसला असता. हे मास्तर होते. प्रश्न विचारला म्हणजे उत्तर देणं आलं.

मध्य प्रदेश होऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली असतील. मालोजीरावांचा जुना विद्यार्थी लक्ष्मीकांत मुंबईच्या एका प्रयोगशाळेत होता. त्यानं कळवलं, पाण्याचं तापमान काढता येतं. पोवळं वाढताना समुद्रातला ऑक्सिजन आपल्या सांगाड्यात घेतं. ऑक्सिजन असतो हलका आणि जड, दोन्ही. पाणी गार असेल तर सांगाड्यात जड जरा जास्त शिरतो, कोमट असेल तर कमी. ते प्रमाण मोजलं की झालं. अट एकच: पोवळं मूळचं राहिलेलं हवं. पुढे कधी तापलं असेल, तर जुना हिशेब पुसला जातो.

नेमकी तिथेच अडचण होती, कारण बागचे बहुतेक दगड बदलून गेलेले. मास्तर सुट्टी सुट्टीला जात, उन्हात भाजून परत येत. पोह्यांच्या दुकानावर पोरं विचारीत, "क्या मास्साब, समंदर मिला? लंगोट घेऊन येऊ का?" मास्तर गंभीरपणे सांगत, "अजून नाही, भिया." पोरांची पंचाईत होई, चेष्टा करावी तर समोरच्याला ती चेष्टा वाटायला नको का?

अखेर चिकणमातीच्या थरात झाकून राहिलेलं एक पोवळं सापडलं. बोराएवढं, पण आतून लखलखीत. मास्तरांनी ते मलमलीत गुंडाळून कपड्यांच्या पेटीत ठेवलं आणि पेटी उन्हापासून दूर सरकवली. जणू कोट्यवधी वर्षं काढलेल्या त्या जिवाला इंदूरचं ऊन बाधणार होतं! वहिनींना म्हणाले, "दिवाळीला लक्ष्मीकांत येतोय. तो घेऊन जाईल. आकडा तुला मीच सांगणार."

"लवकर सांगा," एवढंच वहिनी म्हणाल्या.

त्या घरात आणखी एक अधिकारी व्यक्ती होती, मालोजीरावांच्या आत्या, सखुबाई. लहानपणी त्यांनी दरबारच्या वैद्यांना औषधं करताना पाहिलं होतं. तेवढ्या शिदोरीवर त्या गल्लीभर काढे पाजीत, आणि गल्ली घाबरून बरी होत असे. लक्ष्मीकांत यायचा त्या सकाळी मास्तर स्टेशनवर गेले. सुमनवहिनींना रक्ताची उलटी झाली. पुसायला जुनं कापड हवं म्हणून आत्याबाईंनी पेटी उघडली.

मास्तर लक्ष्मीकांतला घेऊन आले, तेव्हा अंगणातल्या खड्ड्यात गोवऱ्या धगधगत होत्या.

"आत्याबाई, हे काय?"

"प्रवाळभस्म!" आत्याबाई कडाडल्या. "रक्त पडतं त्यावर यासारखं औषध नाही. सून खोकून मरतेय, आणि तू घरात पोवळं असून मलमलीत बांधून ठेवतोस? अक्कल आहे का रे? कोरफडीच्या रसात बुडवून, बोळक्यात घालून, चिखल माखलेल्या कापडाच्या कपडमातीनं बंद करून ठेवलंय बघ!"

लक्ष्मीकांत चिमटा आणायला धावला. "सर, आत्ताच पेटवलंय! बोळकं काढू या, आतला गाभा अजून वाचेल!"

मी शेजारचा, कुंपणापाशी उभा होतो. मास्तरांनी एकदा खड्ड्याकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. खिडकीत सुमनवहिनी उशीला टेकून बसल्या होत्या. पोवळं जाळलं की चुना उरतो, हे त्या माणसानं वर्गात किती पोरांना शिकवलं असेल! त्यानं लक्ष्मीकांतचा हात धरला.

"राहू दे."

"सर, पण आकडा..."

"राहू दे रे. बघू तर खरं."

खिडकीतून वहिनी हळूच म्हणाल्या, "काढा ना हो. मला आकडाच हवा होता." पण तोवर आत्याबाईंनी आणखी गोवऱ्या रचल्या होत्या, आणि मास्तर स्वतः पंख्यानं वारा घालत होते.

संध्याकाळी भस्म मधातून चाटवलं. चाटवणारे मास्तर होते, म्हणून वहिनींनी ते घेतलं.

"आता आकडा कुठून आणाल?" त्यांनी विचारलं.

"नाही आणता येणार."

"मग मीच सांगते. सकाळी गार, दुपारनंतर कोमट. आमच्याकडे असंच असतं."

पौषात वहिनी गेल्या. लक्ष्मीकांत मुंबईला जाताना आत्याबाईंच्या पाया पडून गेला होता. पोह्यांच्या दुकानावरच्या पोरांनीसुद्धा समुद्राचं नाव टाकलं.

तेराव्याची मंडळी उठून गेल्यावर आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झालेला मी ऐकला.

"मालोजी, खरं सांग. भस्मात माझ्या हातून काही चुकलं का रे? आच कमी पडली का?"

मास्तरांनी त्यांच्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली.

"नाही आत्याबाई," ते म्हणाले. "चांगली लागली होती. वारा मीच घातला ना!"