ढिला क्रॉस

दुष्काळाच्या त्या वर्षी मी आमच्या मिशन दवाखान्याची पिकअप चालवायचो. परदेशातून भेट आलेली, बिनक्लचची, आपोआप गिअर बदलणारी. हळू जाताना गिअर बदलला की असा हिसका द्यायची, की मागे झोपवलेला पेशंट कळवळायचा. नगरातले सगळे मेकॅनिक म्हणाले, गिअरबॉक्स मुंबईला पाठवा. म्हणजे पाथर्डीकडच्या वस्त्या दोन महिने दवाखान्यावाचून!

नेवासा रस्त्याला लिंबाखाली ट्रक दुरुस्त करणारा एक म्हातारा होता. असली गाडी त्यानं जन्मात पाहिली नव्हती, आणि तसं त्यानं सांगूनही टाकलं. मग चपला काढून तो मागच्या हौद्यात अनवाणी उभा राहिला. "बैलाच्या चालीनं चालवा."

तीन फेऱ्या झाल्या. मी वैतागलो.

"आजून येक."

चौथ्या फेरीला त्यानं टपावर थाप मारली. "गिअरबॉक्स उघडू नका. हिसका माज्या टाचंखालनं येतोय. बैल शाना हाय, जुपणी ढिली हाय."

गाडीखाली शिरून त्यानं मागच्या चाकांकडे जाणारा दांडा हलवला. सांधा खडखडला. तिथूनच ओरडला, "तुमचा क्रॉस ढिला झालाय!"

माझा हात गळ्यातल्या क्रुसाकडे गेला.

डोकं बाहेर काढून त्यानं ते पाहिलं, पण तो हसला नाही. "त्यो न्हाई, ह्यो. त्यो जपता तसा ह्योबी जपा. मानसं ह्याच्यावर निजत्यात."

सांध्यातला तो क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा, त्यानं संध्याकाळपर्यंत नवा बसवला. पुढे नोकरीभर मी रोज सकाळी आधी गाडीखाली शिरून तो सांधा हलवून बघायचो. प्रार्थना त्यानंतर.