शेंदराची रेष

नट शेवटचा आवळून झाला की पान्हा खाली ठेवायचा, करंगळीचे नख शेंदराच्या डबीत बुडवायचे आणि नटावरून शेजारच्या लोखंडावर उतरेल अशी एक बारीक रेष ओढायची. मग मागे सरून, मान तिरकी करून म्हणायचे, "आते ती सोताच सांगी."

आता ती स्वतःच सांगेल. नट केसभर जरी फिरला तरी रेषेचे दोन तुकडे होतात. मग पाहणाऱ्याला पान्हा लावून तपासण्याची गरज उरत नाही. ज्यांनी जळगावात आमच्या मारुतीच्या देवळाशेजारी गाडी दुरुस्तीला दिली असेल त्यांनी हे वाक्य नक्की ऐकले असेल.

हे वाक्य ज्यांचे, त्यांना सारे मिस्त्री म्हणत. मूळचे शिंदखेड्याकडचे, त्यामुळे बोलता बोलता अहिराणीत शिरत. मी सकाळी शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि शाळेआधी व शाळेनंतर मारुतीची पूजा करीत असे. त्यांचे गॅरेज आणि देऊळ यांच्यामध्ये एकच भिंत होती. दर शनिवारी देवाला चोळा चढवून झाला की उरलेला तेलात खललेला शेंदूर ते डबीत भरून नेत. प्रथम जेव्हा त्याचा उपयोग कळला तेव्हा मी थोडे कठोर बोललो होतो.

"मिस्त्री, देवाच्या अंगावरचा शेंदूर तुम्ही नटाला फासता?"

"गुरुजी, देव सैल पडत नई," ते म्हणाले. "नट पडस."

पुढे देवळातली मोठी घंटा डुगडुगू लागली, तेव्हा तिचा तुळईतला नट त्यांनीच आवळून दिला आणि त्यावरही आपली रेष ओढली. मीही मग विरोध सोडला.

त्यांचा आणखी एक नेम होता. गाडीत कोणताही नवा भाग बसवायचा झाला की आधी त्याला अंगठ्याने शेंदराचा टिळा लावायचा. रेष ही तपासणीसाठी, टिळा हा देवासाठी. या दोहोंत त्यांची कधी गल्लत होत नसे. निदान पुढे सांगतो त्या गाडीपर्यंत तरी झाली नव्हती.

धुळ्याचा विलास नावाचा एक तरुण मातीच्या मैदानावर शर्यतीची गाडी चालवीत असे. त्याचे वडील लहानपणीच गेले होते. मिस्त्रींना तो आबा म्हणे आणि त्यांच्या टिळ्यावाचून गाडीत बसत नसे. नव्वदीच्या अखेरीस त्याने संगणकावर चालणाऱ्या इंजिनाची गाडी घेतली. तिच्या धुराच्या पाइपात एक सेन्सर होता. धुरात प्राणवायू किती उरला हे तो मोजतो आणि त्यावरून इंजिनाला पेट्रोल किती द्यायचे ते ठरते, असे मिस्त्रींनी मला समजावले. त्यांनी त्याचे नाव ठेवले होते 'नाक'.

हे नाक गाडीच्या पोटाखाली अगदी सखल जागी होते. सरावात एक दगड त्याला घासून गेला आणि विलास घाबरला. मिस्त्रींनी ते वर, इंजिनाजवळ हलवायचे ठरवले. मी भिंतीवरून पाहत होतो. जुन्या जागी नाक असे रुतून बसले होते की पाइप तापवावा, थोडे फिरवावे, पुन्हा मागे घ्यावे, तेल सोडावे, वाट पाहावी, असे चालले होते. जोर केला तर आतली चिनी मातीची कांडी फुटेल आणि दुसरी मिळायला मुंबई गाठावी लागेल. विलास फेऱ्या मारत होता.

"आबा, निघेल ना?"

"तू चहा पी ना भाऊ. त्याले बी सुटाले येळ लागस."

शेवटी ते सुटले. खालचे भोक बुजवून, वर पाइपाला नवे भोक पाडून त्यावर नाक पिळून बसवायला आट्यांचे कडे वेल्डिंगने बसवले. कडे उष्णतेने वाकडे होऊ नये म्हणून त्यात एक जुना बोल्ट पिळून ठेवला होता, तो काढला. आणि मग, नव्या जागी जाणारा भाग नवाच, अशा भावनेने मिस्त्रींनी त्या नाकाच्या शेंड्यावर अंगठ्याने ठसठशीत टिळा लावला, नाक पाइपात बसवले, बाहेर कड्यावर रेष ओढली.

"आते ती सोताच सांगी."

शर्यत धुळ्याबाहेरच्या माळावर होती. नारळ माझ्या हातून फुटावा असा विलासचा आग्रह, म्हणून मीही गेलो. सकाळी सराव होता. थंड गाडी उत्तम धावली. मिस्त्री ट्रॅककडे पाठ करून उभे होते. ते गाडी पाहत नसत, ऐकत.

गाडी तापली आणि त्यांची मान वळली.

मला तर काहीच वेगळे ऐकू आले नव्हते. पण दूरच्या वळणावर इंजिनाने एकदम श्वास तोडल्यासारखे केले. वेग हवा तिथे वेग आला नाही, मागची चाके घसरली, आणि गाडी आडवी होऊन दोरीपलीकडे उभ्या असलेल्या माणसांच्या रोखाने सरकत गेली. बायामाणसे ओरडत मागे पळाली. धूळ बसली तेव्हा गाडी दोरीला टेकून उभी होती. कोणाला लागले नव्हते. मी मनातल्या मनात मारुतीचे नाव घेत होतो. किती वेळ, ते माहीत नाही.

विलास गाडी हळूहळू परत घेऊन आला. भोवती गर्दी झाली. ज्याने त्याने निदान केले आणि सर्वांचे निदान एकच होते, की पेट्रोलमध्ये भेसळ आहे. शेजारच्या गाडीचा मेकॅनिक हसत म्हणाला, "मिस्तरी, पंपावर जाऊन टिळा लावायला हवा होता!"

बॉनेट उघडून मिस्त्रींनी नाकाच्या तारेची जोडणी उपटली आणि विलासला इंजिनाचा वेग वाढवायला सांगितले. इंजिन एका सुरात वाढले. पुन्हा जोडणी केली. काही क्षणांत ते अडखळू लागले. मग त्यांनी हाताला फडके गुंडाळले आणि तापलेल्या पाइपातून नाक सोडवले.

मी त्यांच्या अगदी जवळ होतो. शेंड्यावरच्या बारीक चिरा, ज्यांतून धूर आत जायचा, त्या साऱ्या बुजल्या होत्या. त्यावर करपलेल्या, लाल-काळ्या थराचे कवच बसले होते. मला अंगठ्याचा आकारही दिसला, की तसा भास झाला, सांगता येत नाही.

"गुरुजी," ते अगदी हळू म्हणाले, "हाऊ मना टिळा शे." तो त्यांनीच लावलेला टिळा होता.

वाचकहो, त्या वेळी त्यांच्या हातात ते नाक होते आणि पाठीमागे पेट्रोलला शिव्या देणारी गर्दी होती. नाक खिशात घालून बोल्ट बसवला असता तर कोणीही काही विचारले नसते. विलास गाडीतच बसून होता. स्टिअरिंगच्या चाकावर मिस्त्रींनी लावलेल्या शेंदराच्या ठिपक्यावर त्याने अंगठा ठेवला होता आणि डोळे मिटले होते. शर्यतीसाठी गाड्या रांगेत लागू लागल्या होत्या. त्या मुलाचे सारे धैर्य त्या ठिपक्यात होते. त्याच शेंदराने त्याला वळणावर दगा दिला हे आता त्याला सांगायचे, की तसेच रांगेत जाऊ द्यायचे? मी असतो तर काय केले असते, याचा विचार मी पुढे अनेकदा केला आहे.

मिस्त्री खिडकीशी गेले. नाक त्याच्या समोर धरले.

"इलासभाऊ, पेट्रोलनी चूक नई. चूक मनी शे. टिळा बाहेर लावना व्हता, मी नाकमा भरी दिधा."

मग तोच मेकॅनिक म्हणाला, "घ्या! देवानंच नाक दाबलं!" काही जण हसले. विलास हसला नाही. तो त्या करपलेल्या शेंड्याकडे बघत राहिला.

मला राहवले नाही. मी म्हणालो, "मिस्त्री, भाव शुद्ध होता."

"भाव शुद्ध व्हता गुरुजी, पन ती दोरीपलीकडनी मानसं मरी जातीन ना."

मी दोरीकडे पाहिले.

"मग आता काय, आबा?" विलासने विचारले.

"आते नाकच नको. भोक बंद करस. गाडी अंदाजानी चाली, पेट्रोल जास्ती पी, पन दगा देवाव नई." त्यांनी पेटीतून तो जुना बोल्ट काढला, कड्यात घातला, पान्ह्याने आवळला. आवळून झाला तरी हात मात्र डबीकडे गेला नाही. पान्हा पेटीत ठेवून त्यांनी झाकण लावले.

"आबा, रेष?"

"आज ऱ्हाऊ दे."

विलास गाडीतून उतरला. त्याने पेटी उघडली, डबी काढली आणि त्यांच्यासमोर धरली. "बाहेरून लावा," तो म्हणाला. "बोल्टला. मी रेषेशिवाय जाणार नाही."

मिस्त्रींनी करंगळी बुडवली. आयुष्यभर जी रेष एका झटक्यात ओढली, ती त्या दिवशी थांबत थांबत उतरली, मध्ये एका ठिकाणी जाडही झाली. नेहमीचे वाक्य त्यांनी उच्चारले नाही.

शर्यतीत ते ट्रॅककडे पाठ करून उभे राहिले. दर फेरीला गाडी त्या वळणाशी आली की त्यांचे खांदे वर जात आणि ती पार झाली की खाली येत. विलास कितवा आला ते मला आज आठवत नाही. त्या वळणावर इंजिन एकदाही अडखळले नाही, हे आठवते. तो परतला तेव्हा मिस्त्री त्याच्याकडे आधी गेले नाहीत. बॉनेट उघडून वाकले. रेष अखंड होती.

त्यानंतर त्यांनी टिळ्याचा नेम सोडला नाही, पण प्रत्येक नवा भाग हातात घेऊन त्याला आधी विचारू लागले, "तू आत जाशी का बाहेर ऱ्हाशी?" आत जाणारा भाग ते नुसता स्वतःच्या कपाळाला लावीत. करपलेले नाक त्यांनी गॅरेजात मारुतीच्या तसबिरीखाली तारेने टांगून ठेवले होते. नव्या गिऱ्हाईकाने विचारले की सगळी हकिकत सांगत, चुकीसकट.

मिस्त्रींना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. भिंतीपलीकडे हल्ली टायरचे दुकान आहे. शनिवारी चोळा चढवून झाला की थोडा शेंदूर वाटीत उरतो आणि माझ्या हाताला उगाच डबी शोधण्याची सवय आहे.

परवा आरतीच्या वेळी घंटा डुगडुगली. स्टुलावर चढून पाहिले. तुळईतल्या नटावर मिस्त्रींनी ओढलेल्या रेषेचे दोन तुकडे झाले होते. वरचा तुकडा एकीकडे, खालचा दुसरीकडे. टायरवाल्याकडून पान्हा मागून आणला. बोटाला शेंदूर लावून ठेवला होता, की आवळून झाले म्हणजे नवी रेष ओढावी. मग हळूहळू नट फिरवू लागलो. वरचा तुकडा खालच्याकडे सरकत आला, आणि जिथे दोन्ही एकमेकांना टेकले तिथेच नट घट्ट बसला.

मी बोट पुसून टाकले.