संगमनेर ते बेलापूर: टेम्पोत जागा नाही

सायकल सहलीत मी नाव नोंदवलं ते ती बेलापूरला जाणार होती म्हणून. बेलापूर माझं माहेर. तीस वर्षं मी संगमनेरहून तिथे एसटीने जाते, हातात दोन पिशव्या घेऊन. या वेळी दादाला फोनवर म्हटलं, "सायकलवर येतेय, ग्रुपबरोबर." दादा म्हणाला, "मागं टेम्पो असतोय ना? मग झालं. टेम्पोत बसून येशील."

झालं. त्या क्षणापासून बेलापूर गाठणं हा प्रश्न राहिला नाही. टेम्पोत न बसता गाठणं हा प्रश्न झाला. वय चोपन्न, गुडघे त्याहून जुने.

आमचा ग्रुप बारा जणांचा, त्यात बायका दोन. पुढारी देशमानेसर, निवृत्त पीटी शिक्षक, अजूनही शिट्टी गळ्यात. मागे सोपानचा छोटा टेम्पो: पाणी, केळी, पंप, आणि थकलेल्या माणसासाठी मागच्या हौद्यात गादी. थकलं की सायकलसकट त्यात चढायचं. वर्गणी वाजवी होती, नाश्ता आणि जेवण त्यातच. जानेवारीतली सकाळ, अंगात दोन स्वेटर. गाव मागे पडलं की रस्ता बरा आहे. दोन्ही बाजूंना कांदा, डाळिंबाच्या बागा, मध्येच उघडीबोडकी टेकाडं, आणि दुधाचे कॅन लटकवून सुसाट जाणाऱ्या मोटारसायकली. त्यांना आपण दिसत नाही असं समजूनच चालवावं.

आता सरांची चूक सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वाटेत पाणी मिळावं म्हणून सरांनी गावोगावच्या ओळखीच्यांना मेसेज टाकला होता: "आम्ही आपल्या गावावरून जात आहोत." आमच्या जिल्ह्यात असं कळवलं की पाणी मिळत नाही. सत्कार मिळतो.

वडगाव पानला दूध डेअरीसमोर सतरंजी अंथरलेली पाहिली तेव्हा मला वाटलं, कुणाचं तरी लग्न आहे. आमचंच निघालं. शाल, नारळ, फेटा, एकेकाचं नाव पुकारून. आम्हा दोघींची पाळी आली की सगळं थांबायचं, कारण बायकांचा सत्कार बाईनेच करायचा आणि सभेत बाई नसायची. मग कुणाच्या तरी घरातून कुणीतरी हात पुसत यायची. मग भाषण. इंधन वाचवण्यावर जे गृहस्थ बोलले ते भल्या मोठ्या गाडीतून आले होते. इंजिन चालूच होतं.

निमगाव जाळीला तेच, मधल्या चार वस्त्यांवर तेच. लोणीच्या अलीकडे एका शाळेत तेच, शिवाय मुलांचं स्वागतगीत, तिन्ही कडवी. प्रत्येक ठिकाणी सोपान नारळ गोळा करून टेम्पोत टाकायचा. सरांना कुणाला नाही म्हणवत नव्हतं. खरं सांगायचं तर चौथ्या फेट्यापर्यंत त्यांना ते आवडायलाही लागलं होतं.

लोणीनंतर मुलूख बदलतो. कॅनॉलचं पाणी, दोन्ही अंगाला माणसाच्या दुप्पट ऊस, हवेत कारखान्याच्या मळीचा गोडसर आंबूस वास. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर शेजारून गेले की आपण रस्ता सोडून खाली उतरावं. सावली असेल असं वाटतं, नसते. समोरून वारा मात्र असतो. सत्कारांपायी आम्ही भर दुपारी तिथे पोचलो आणि त्या वाऱ्याने माझा जीव काढला.

कोल्हारला भेळ खाल्ली, छान होती, कांदा जास्त मागून घ्यावा. उठायला गेले तर गुडघा उठेना. बसल्या बसल्या ठरवलं: पुरे. दादाला सांगायचं वाक्यही तयार केलं, त्यात पंक्चर होतं. सायकल ढकलत टेम्पोपाशी गेले. सोपानने ताडपत्री उचलली. आत नारळ, नारळांवर शाली, शालींवर फेटे, आणि सगळ्याच्या वर एक फ्रेम केलेलं सन्मानपत्र. गादी तळाशी कुठेतरी असावी. केबिनमध्ये ग्रुपमधले एक काका लोणीपासूनच बसलेले, मांडीवर नारळांचं पोतं.

"ताई, जागा न्हाई," सोपान म्हणाला. "तुमाला कसंबी कोंबतो. पन सायकल कुठं घालू?"

"नारळ इथेच कुणाला देऊन टाका की."

सर मधे आले. "सत्काराचा नारळ? ज्यांनी दिला त्यांच्याच मुलखात वाटायचा? लोक काय म्हणतील?"

मी निघाले. दुसरं काय करणार? रागाने पेडल जरा बरं फिरतं, एवढं कळलं. पुढे उसाची बैलगाडी चालली होती, वर तोडणी कामगार बाई. बराच वेळ आम्ही बरोबरीने चाललो, यावरून माझा वेग समजावा.

"कुठं निघाल्या बाई?"

"बेलापूरला. माहेरी. तुम्ही कुठल्या?"

"आमी खर्ड्याकडच्या. आमालाबी लई लांब हाय माहेर." मग माझ्याकडे वाकून म्हणाली, "माहेरला जाताना पाय दुखत्यात व्हय?"

दुखत होते. पण तिच्यासमोर तसं म्हणायची लाज वाटली.

बेलापूरच्या वेशीवर दादा उभा होता. मी हेल्मेट-गॉगलमध्ये त्याच्या समोरून गेले. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट मागच्या टेम्पोत डोकावून विचारलं, "आमची सुमी कुठाय?"

"आत्ता तुमच्या म्होरनं गेली की," सोपान म्हणाला.

मारुतीच्या पारावर शेवटचा सत्कार झाला. तो दादानेच ठेवलेला. अकरा नावं पुकारली. माझं नाही. "घरच्या मानसाचा कसला सत्कार," दादा माईकवर म्हणाला आणि सगळे हसले. दिवसभर ज्या नारळांना मी शिव्या घातल्या, त्यातला हा एक मला हवा होता. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

रात्री नारळांची वाटणी झाली आणि माझी सायकल टेम्पोतून परत गेली. दुसऱ्या दिवशी वहिनीने ओटी भरली आणि दादा मला एसटीवर सोडायला आला. स्टँडवर जो भेटेल त्याला थांबवून सांगत होता, "बहीन आमची. संगमनेरवरनं सायकलवर आली. टेम्पोला हात लावला न्हाई."

मला राहवेना. "दादा, मी बसणारच होते. जागा नव्हती."

दादा समोरच्या माणसाकडे वळून म्हणाला, "बघा. पहिल्यापासनं अशीच हाय. मोठेपना घेनार न्हाई."

एसटी सुटेपर्यंत तो खिडकीशी उभा होता. घरी वाटणीचे सात नारळ आले. वडी झाली, चटणी झाली, नारळ घेऊन दारात मला पाहिलं की शेजारीही आत जातात. ओटीतला आठवा मात्र मी अजून फोडलेला नाही.