आक्काचं लग्न आणि समुद्राचा फेरा

आक्काच्या लग्नाचा मांडव कुठे घालायचा यावरून आमच्या घरी प्रशांत महासागरावर वाद झाला, असं मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सांगितलं तेव्हा कुणाला ते खरं वाटलं नाही. मी सहसा घरचं काही सांगत नाही. आता चेष्टा करायला लागली वाटतं, असं म्हणून सगळे आपापल्या डब्यांकडे वळले.

पण झालं होतं तसंच. आम्ही निपाणीचे, तंबाखूच्या व्यापारातले. आमच्याकडची लग्नं मे महिन्यात धरतात, कारण तोवर माल गेलेला असतो आणि पाहुणे मोकळे असतात. त्यातून आम्ही जैन. पंगती दिवस मावळायच्या आत उठायला हव्यात, त्यामुळे संध्याकाळचं लग्न हा प्रश्नच नाही. राहते ती भर दुपार. काकांचं म्हणणं होतं की घरातली सगळी लग्नं दारात मांडव घालून झाली, हेही तसंच होईल. आक्काला ते नको होतं. मागच्या मे महिन्यात आमची एक चुलत बहीण अशाच मांडवात, ऐन अक्षता पडताना, चक्कर येऊन नवऱ्याच्या अंगावर कोसळली होती. त्याचा व्हिडिओ अजून पाहुण्यांत फिरतो. आक्काला फक्त सावली हवी होती. बेळगावचा एसी हॉल मिळाला तर फारच छान.

दुपारची जेवणं झाल्यावर पुढच्या सोप्यात बैठक बसली. जेवल्यावर मोबाईलवर हवामानाचे व्हिडिओ बघायचा काकांना नाद आहे.

"यंदा उन्हाची भीती घालू नगा," काका म्हणाले. "एल निनो गेला. आता ला नीना हाय. प्रशांत महासागर गार पडला की हवा गार."

"त्यो कुठं आला?" आईने विचारलं.

"लई लांब हाय."

"मग त्याचं आपल्या मांडवात काय काम?"

काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "गरमी वाढली, गरमी वाढली म्हणत्यात, ते समदं समुद्राचं चक्र हाय. ईस-तीस वर्सं तापतंय, ईस-तीस वर्सं निवतंय. आता निवायचा फेरा लागलाय. दारातच मांडव घालायचा."

आक्काने मला मागून चिमटा काढला. "तू सांग की गं. एवढं इंग्रजी वाचत असतीस."

काकांसमोर मी आजवर 'हो' आणि 'पाणी आणू का' यापलीकडे फारसं बोलले नव्हते. शिवाय या विषयावर मला जे काही येत होतं ते सगळं इंग्रजीत होतं. शाळेत मी यावर निबंध लिहिले होते, बक्षीसही घेतलं होतं, आणि आता मराठीत एक शब्द सुचेना. तरी तोंड उघडलं.

"काका, चक्र आहे हे खरं आहे."

आक्काने दुसरा चिमटा काढला, आधीच्यापेक्षा जोरात.

"पण चक्र असेल तर ते वर जाऊन परत पहिल्या जागी यायला हवं ना? हे दर फेऱ्याला खाली येताना थोडं वरच थांबतंय. आताचं गार वर्ष तुमच्या लहानपणच्या तापलेल्या वर्षापेक्षा गरम असतं."

काका सरसावून बसले. मला वाटलं होतं ते चिडतील, पण ते खूश दिसत होते. घरात कुणीतरी त्यांचे व्हिडिओ गंभीरपणे घेतले होते. "म्हंजे समुद्र पोटातली गरमी भाईर सोडतोय. माझंच म्हणणं झालं की."

मुद्दा चांगला होता. यावर मला जे म्हणायचं होतं त्याला मराठी शब्द आठवेना. मी इकडेतिकडे बघितलं, तर आईच्या मांडीवर आचाऱ्याला सांगायच्या जिनसांचा कागद होता.

"काका, वाढपी पातेल्यातून पंगतीला वाढतो. ताटं भरली की पातेलं रिकामं व्हायला पाहिजे. इथं हवा पण तापतेय आणि समुद्र पण तापतोय. म्हणजे ताटं पण भरतात आणि पातेलं पण भरत चाललंय. मग आत कुणीतरी रांधत असणार की."

माझे कान गरम झाले होते. मग आई म्हणाली, "हे मातर मला कळलं."

"कोण रांधतंय?" काकांनी विचारलं.

"आपणच. गाड्या, कारखाने, वीज."

"बरं. म्हंजे यंदाचा मे तापणारच. लिहून देतीस?"

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. आक्काचे डोळे तेच सांगत होते. पण मी म्हणाले, "नाही. एका वर्षाचं, त्यातून एका गावाचं, असं सांगता येत नाही. ला नीना असेल तर कदाचित थोडा गारही जाईल."

"तू हाईस कुणाच्या बाजूची?" आक्का म्हणाली.

आधी आईला हसू फुटलं, मग काकांना. काका हसता हसता म्हणाले, "वकील चांगला हाय, पर पक्षकाराला फाशी देणार." शेवटी आक्काही हसली, पण रडवेली होऊन. मला हसू आवरेना आणि लाजही वाटत होती, म्हणून मी पदराआड तोंड लपवावं तशी ओढणी तोंडाला लावून बसले.

तोवर आप्पा, माझे वडील, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. ते म्हणाले, "मग उन्हात बी नको आन् हॉल बी नको. वखार रिकामीच हाय."

माल गेला की आमची तंबाखूची वखार मे महिन्यात मोकळी असते. जाड भिंती, उंच कौलं, आत कायम सावली. काकांना स्वतःची जागा मिळाली आणि आक्काला सावली. मी एवढंच म्हटलं की मोठे पंखे मागवा. बोलायला तोंड उघडलंच होतं, तर अजून थोडं.

वखार झाडली, फरशी धुतली, झेंडूच्या माळा सोडल्या. वर वाशांकडे मात्र कुणी बघितलं नाही. मंगलाष्टकं सुरू झाली आणि कुणीतरी माझे पंखे लावले, तशी वर्षानुवर्षांची तंबाखूची धूळ अलगद खाली आली. पहिले शिंकले पंडित. त्यांनी ओळ पुन्हा धरली आणि पुन्हा शिंकले. मग नवरदेव. मग त्यांच्याकडचे चिकोडीचे पाहुणे ओळीने. 'सावधान' म्हणायला कुणाचं तोंड मोकळं नव्हतं, अक्षता शिंकेबरोबर भलतीकडेच उडत होत्या. अंतरपाट धरलेले दोन्ही मामा एकदम शिंकले आणि अंतरपाट वेळेआधीच खाली आला.

नवरदेवाची आजी घाबरून म्हणाली, "शिंकलं की अपशकुन असतोय."

"एक शिंकला तर," आमच्या आत्या नाकाला पदर लावून म्हणाल्या. "समदा गाव शिंकला तर कसला?"

मी आक्काकडे बघितलं. हार हातात, काजळ गालावर, आणि ती हसून वाकली होती. माझ्याकडे बघून तिने ओठांनी सांगितलं, "शुद्धीवर हाय गं."

काका गर्दीतून माझ्यापर्यंत आले. बाहेर ढग होते, वारा होता. "बघ, गार हाय का न्हाय?"

"काका, एका दिवसावरून," मी सुरुवात केली आणि शिंकले. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेही शिंकले. वाद तिथेच राहिला.

दिवस मावळायच्या आत पंगती उठल्या आणि आक्का निघाली. गाडीजवळ सगळ्यांचेच डोळे लाल होते, नाकं गळत होती. खरं कोण रडतंय ते ओळखायला मार्ग नव्हता. मी चारचौघांत कधी रडत नाही. त्या दिवशी मनसोक्त रडले, हुंदके देऊन.

काकांनी रुमाल पुढे केला. "तंबाखू लई लागली गं तुला."

"व्हय काका," मी म्हणाले.