टेनिस न खेळलेलं कोपर

लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्या दादांनी उभ्या आयुष्यात चेंडूला लाथसुद्धा मारली नव्हती. हॉटेलच्या मागच्या खोलीत चादरी आणि उशांचे अभ्रे, अभ्रे आणि चादरी, एवढंच त्यांचं मैदान. अशा माणसाचं कोपर दाबून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टेनिस एल्बो! इस्त्री बंद ठेवा, नाहीतर चहाचा कप उचलणंही जड जाईल."

बायको खो-खो हसली. "अहो, मला न सांगता खेळायला जात होता कधी?"

घरच्या हसण्याचं काही नाही हो, पण दुसऱ्या दिवशी मॅनेजरही हसला! दादांनी दुखण्याचं नाव सांगून मागितलं काय, तर घड्या घालायच्या टेबलावर बसवा, एवढंच.

"टेनिस? बड्या लोकांचा आजार की! खेळ जरा कमी करा दादा, आणि चला, चादरींचा ढीग पडलाय."

दादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तडक दवाखाना गाठला.

"बाई, नाव बदलून द्या!"

"अहो, ते माझ्या हातात नाही. पूर्वी विलायतेत साहेबलोक हिरवळीवर टेनिस खेळायचे. त्यांची कोपरं दुखली, डॉक्टरांनी हे नाव ठेवलं, तेच चिकटलं. माझ्याकडे तर गवंडी येतात, सुतार येतात. खेळाडू अजून एकही आलेला नाही!"

"मग आधीच्या सुतारांची कोपरं काय लोखंडाची होती?"

"दुखतच असणार. पण त्यांना विचारलं कुणी?"

झालं! राग निवायचा तो दुप्पट झाला. "दुखणं आमचं आणि नाव साहेबांचं!" असं रस्ताभर पुटपुटत दादा लाँड्रीत शिरले आणि त्यांनी इस्त्रीची पिनच उपटली.

मॅनेजर धावत आला. "हे काय?"

"इस्त्री-कोपर झालंय मला."

"असा आजार नसतो."

"नसतो? तुमच्या पाहुण्यांच्या पाठीखाली इतकी वर्षं एक सुरकुती राहू दिली नाही, ती काय रॅकेट फिरवून? कामावरून काढायचं तर काढा. इस्त्रीला हात लावणार नाही!"

घड्या घालणाऱ्या बायकांचे हात थांबले. एकीनंही मान खाली घातली नाही. मॅनेजरनं त्यांच्याकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं.

"बसा तिकडे. पण बरं होईपर्यंतच हं!"

बायका सरकल्या. "या, खेळाडू, बसा."

"खेळाडू म्हणायचं नाही!" दादा कडाडले, आणि डाव्या हातानं पहिली घडी घातली. ती पार वाकडी झाली.