चटणीच्या सभेचे अध्यक्ष

प्रभावी सादरीकरण कसं करावं, याचं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. मी बियाणं कंपनीत नोकरीला. कंपनीनं एक दिवस नागपूरला नेलं, शिकवलं, जेवू घातलं आणि प्रमाणपत्र दिलं. (जेवण चांगलं होतं.) त्यामुळे यवतमाळच्या एका मोठ्या किराणा दुकानानं माझ्या बायकोला, सुनंदाला, 'दहा मिनिटांत तुमच्या मालाची माहिती द्या' म्हणून बोलावलं, तेव्हा मी सगळी सूत्रं हाती घेतली. तिनं ती दिली नव्हती.

सुनंदा जवसाची चटणी करते. चार वर्षं घाटंजीच्या बाजारात उन्हात बसून विकली. या दुकानाच्या फळीवर चटणी लागली, तर तिचं ते ऊन सुटणार होतं.

"अवो, मी दोन भाकरी नेईन, चटणी चाखाले देईन, भाव सांगीन अन् येईन," ती म्हणाली.

"असं नसते! सुरुवात दमदार पाहिजे!" असं म्हणून मी चोवीस स्लाइड केल्या. चटणीचा फोटो एकविसाव्या स्लाइडवर होता.

"करा तुमच्या मनासारखं. पण माही फळी गेली, तं बाजारात तुमी बसजा!"

दमदार सुरुवात म्हटलं की आमच्या घरात एकच नाव, काकाजी. माझे सख्खे काका, निवृत्त मास्तर. तालुक्यात लग्नाआधीचं साक्षगंध असो की कबड्डीचे सामने, सूत्रसंचालन त्यांचंच. "फक्त एक मिनिट बोला, मंग सुनंदा," मी बजावलं. "तू फिकर नको करू रे," काकाजी म्हणाले. तिथंच मी फिकर करायला हवी होती!

ठरल्या दिवशी दुकानाच्या वरच्या मजल्यावर पोचलो. काकाजींच्या हातात एक फुगलेली पिशवी होती. खोलीत टेबलामागे खरेदी पाहणाऱ्या मॅडम आणि भिंतीजवळ पांढऱ्या दाढीचे एक भारदस्त गृहस्थ. मॅडमनी मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावला. "करा सुरू."

मी लॅपटॉप उघडेपर्यंत काकाजी उभे राहिले. "सन्माननीय व्यासपीठ!" (व्यासपीठ नव्हतं. चार खुर्च्या होत्या.) "आजच्या कार्यक्रमाचं अध्यक्षस्थान समोर बसलेल्या ज्येष्ठ सद्गृहस्थांनी भूषवावं, अशी मी सूचना मांडतो!"

आता माझी चूक सांगतो. आमच्याकडे सूचना मांडली गेली आणि सगळे गप्प राहिले, की कुणीतरी उठावंच लागतं. हे लहानपणापासून अंगात मुरलंय. मी ताडकन उठलो आणि म्हणालो, "या सूचनेला मी अनुमोदन देतो!" वर टाळ्याही वाजवल्या. एकट्यानं.

"तुमी काहून उठले?" सुनंदा दात-ओठ खात कुजबुजली.

"मले काय माहीत!" आणि खरंच माहीत नव्हतं.

"अरे भाई, मी तर..." गृहस्थ चाचरले. पण काकाजी कुणाला विनयानं मागे सरू देत नाहीत. पिशवीतून शाल निघाली, नारळ निघाला, गुच्छ निघाला. आम्हाला वाटत होतं, हे दुकानाचे मालक. मॅडमना वाटत होतं, हे आमचे कुणी वडीलधारे. खुद्द त्या गृहस्थांना काय वाटत होतं ते कळेना, कारण ते शालीत घामाघूम झाले होते.

"अध्यक्षांनी आपला परिचय स्वतःच करून द्यावा!" काकाजी म्हणाले.

"मी करीमभाई, ढाणकीचा. लोणचं, चटनी बनवतो. तुमच्यानंतर माझाच नंबर आहे ना!"

अरे देवा! ज्याच्याशी सुनंदाची टक्कर, त्यालाच आम्ही शाल पांघरवली होती! मॅडम मोबाइलकडे पाहत म्हणाल्या, "दोन मिनिटं राहिली."

काकाजी डगमगले नाहीत. "वेळेअभावी सौ. सुनंदा यांचं मनोगत वगळून आपण थेट अध्यक्षीय भाषणाकडे वळू या!"

सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी लॅपटॉपचं झाकण उघडत होतो, मिटत होतो, पुन्हा उघडत होतो. तिनं मात्र डोळे पुसले, डबा उघडला आणि भाकरीवर चटणी घालून करीमभाईंसमोर धरली. "भाऊ, निदान खाऊन तं बोला."

करीमभाईंनी एक घास खाल्ला. मग दुसरा. मग सगळी भाकरी संपवली.

"मॅडम," ते शेवटी म्हणाले, "मी बी जवसाची चटनी आनली होती. पन अंगावर यांची शाल हाय, झूठ बोलवत नाही. लोणचं माझं पाहा. चटनी या बहनचीच ठेवा. माझी मी वापस नेतो."

गजर वाजला. मॅडमनी चटणी चाखली, पुन्हा चाखली आणि म्हणाल्या, "महिनाभर ठेवून पाहू." सुनंदानं करीमभाईंना वाकून नमस्कार केला. करीमभाई काकाजींच्या गळ्यात पडले. माझ्या गळ्यात कुणी पडलं नाही.

मग मॅडमनी फॉर्म पुढे केला. 'सादरीकरण कोणी केले?' या रकान्यात सुनंदानं बेधडक करीमभाईंचं नाव लिहिलं. काकाजींनी शेजारी स्वतःच्या हातानं 'सूत्रसंचालक' म्हणून आपलं नाव घातलं. मॅडमनी माझ्याकडे पेन रोखून विचारलं, "आणि हे कोण?"

सुनंदानं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"हे श्रोते," ती म्हणाली, "पण गप नाही बसत!"